पुंजबिंदूंचे सामूहिक तेज

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले, की मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहण्यासाठी लोकांची रीघ लागते. अंधाऱ्या रात्री एखादे झाड काजव्यांनी लगडलेले असते. आरंभी प्रत्येक काजवा आपल्यापुरता लुकलुकत असतो. मग पाहता पाहता एका फांदीवरच्या काजव्यांची लय जुळते, ती शेजारच्या फांदीवर उतरते आणि झाडावरून प्रकाशाची लाट सरकत गेल्यासारखे वाटते. काजवे तेवढेच असतात, प्रत्येकाजवळचे तेजही तेवढेच असते. लय जुळताच मात्र पाहणारा क्षणभर स्तब्ध होतो.

काजव्याला डोळे आहेत. शेजारचा कधी चमकला हे त्याला दिसते. परंतु ज्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, प्राणही नाही, असा जड पदार्थाचा कणसुद्धा शेजारच्या कणाशी लय जुळवून प्रकाश देऊ शकतो काय? या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. ते सिद्धांताने १९५४ मध्ये मिळाले, आणि मानवाने प्रयोगशाळेत घडविलेल्या अतिसूक्ष्म अर्धवाहक स्फटिकांच्या शिस्तबद्ध रचनेत ते २०१८ मध्ये स्पष्टपणे दिसले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा जो शोध जाहीर केला, त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. अशा दिवशी प्रकाशाच्याच एका नव्या कथेचा विचार करणे उचित ठरेल.

एकाचे तेज आणि अनेकांचे तेज

एखाद्या अणूला बाहेरून ऊर्जा मिळाली, की तो उत्तेजित अवस्थेत जातो. त्या अवस्थेत तो फार काळ राहत नाही. काही काळाने तो आपली जादा ऊर्जा प्रकाशकणाच्या, म्हणजे फोटॉनच्या रूपाने सोडतो आणि मूळ अवस्थेला येतो. यास उत्स्फूर्त उत्सर्जन म्हणतात. तो नेमका कधी फोटॉन सोडील, हे सांगता येत नाही. सरासरी काळ तेवढा सांगता येतो. दिव्याच्या काचनळीत असे असंख्य अणू असतात. प्रत्येक जण आपल्या मर्जीने, आपल्या वेळी, वाटेल त्या दिशेला प्रकाश सोडतो. शंभर अणू असतील तर शंभरपट प्रकाश, हजार असतील तर हजारपट. हा झाला साध्या बेरजेचा हिशेब.

आता घोषाचे उदाहरण घ्यावे. शंभर वादक मैदानात आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या आनकावर वाटेल तेव्हा टिपरू मारीत आहे. आवाज मोठा होईल, पण त्याला केवळ गलबला म्हणावे लागेल. तेच शंभर वादक एका ठेक्यावर आले, की त्या एकाच ठोक्याने छातीत कंप उमटतो. प्रकाशाच्या तरंगांचे असेच असते. तरंगाला चढ असतो आणि उतार असतो. कोणत्या क्षणी तो चढावर आहे व कोणत्या क्षणी उतारावर, या स्थितीला भौतिकशास्त्रात ‘कला’ म्हणतात. शंभर तरंगांची कला एकच असेल तर त्यांचे चढ एकमेकांवर रचले जातात आणि तरंगाची उंची शंभरपट होते. प्रकाशाची तीव्रता ही या उंचीच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे तीव्रता शंभरपट न होता शंभर गुणिले शंभर, अर्थात दहा हजारपट होते.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. शंभर अणूंना मिळालेली ऊर्जा शंभरांचीच असेल, तर दहा हजारपट तेज आले कोठून? निसर्गात ऊर्जा फुकट मिळत नाही. हा नियम येथेही मोडत नाही. एकूण ऊर्जा तेवढीच राहते. परंतु जी ऊर्जा एरवी रेंगाळत बाहेर पडली असती, ती सुमारे शंभरपट कमी वेळात एकदम बाहेर पडते. शंभरपट ऊर्जा आणि शंभरपट त्वरा, यांच्या गुणाकारातून तो दहा हजारांचा आकडा येतो. पुढील सर्व विवेचनाचा गाभा हाच आहे. एकत्र येण्याने कोणाचीही मूळ शक्ती वाढत नाही. विखरून, वेळ काढीत खर्च होणारी शक्ती एका क्षणी आणि एका सुरात प्रकट होते, एवढेच घडते. आणि तेवढ्यानेच सर्व फरक पडतो.

डिकी यांचा सिद्धांत आणि त्याची काळी बाजू

हा विचार प्रथम काटेकोर गणितात मांडला तो रॉबर्ट डिकी या अमेरिकन शास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या संशोधनात काम केलेले डिकी पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात होते. १९५४ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कमी जागेत अनेक सारखे अणू दाटीने बसले असतील, तर त्यांना एकेकटे मानणेच चूक आहे. बाहेर आलेला फोटॉन नेमका कोणत्या अणूने सोडला हे तत्त्वतःच ओळखता येत नसेल, तर सर्व अणू मिळून एकच उत्सर्जक आहे असे मानून हिशेब केला पाहिजे. या सामूहिक उत्सर्जनाला पुढे ‘सुपररेडियन्स’ हे नाव रूढ झाले.

येथे एका भारतीयाचे स्मरण करणे आवश्यक आहे. ‘ओळखता येत नाही’ या गोष्टीला भौतिकशास्त्रात केवढे महत्त्व आहे, हे जगाला प्रथम दाखविले ते सत्येंद्रनाथ बोस यांनी. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात अध्यापन करीत असताना त्यांनी प्रकाशकणांची गणना करण्याची नवी रीत शोधली. एक फोटॉन दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही, हे त्या रीतीचे मर्म होते. त्यांनी तो निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला आणि आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला. आज फोटॉनसारख्या कणांच्या संपूर्ण कुळाला ‘बोसॉन’ म्हणतात.

डिकी यांच्या सिद्धांताला दुसरीही एक बाजू आहे आणि ती विसरता कामा नये. तेच अणू, तेवढेच जवळ, तेवढेच सारखे. परंतु एकाचा चढ आणि शेजारच्याचा उतार अशी त्यांची कला परस्परविरुद्ध असेल, तर ते एकमेकांचा प्रकाश मारतात. ऊर्जा आत अडकून पडते आणि बाहेर जवळजवळ अंधार राहतो. केवळ जवळ असणे पुरेसे नसते, हा या काळ्या बाजूचा अर्थ आहे. त्या निकटतेतून तेज निघेल की अंधार पसरेल, हे लय ठरविते.

शांततेनंतरचा उद्रेक

सिद्धांत मांडला गेला तरी तो प्रत्यक्षात दिसण्यास जवळजवळ दोन दशके जावी लागली. १९७३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी हायड्रोजन फ्लोराइड वायूत हा परिणाम पाहिला. त्यांना जे दिसले ते विलक्षण होते. वायूचे रेणू उत्तेजित केल्यावर लगेच काहीच घडत नव्हते. काही काळ शांतता राही आणि मग एकाएकी अवरक्त प्रकाशाचा प्रखर झोत बाहेर पडे.

या शांततेचा अर्थ महत्त्वाचा आहे. आरंभी रेणूंच्या कलांमध्ये कोणताही मेळ नसतो. कोणी तरी एखादा फोटॉन सोडतो. त्याचा क्षीण तरंग इतरांना स्पर्श करतो आणि काहींची कला किंचित त्याच्याकडे झुकते. आता दोघा-चौघांचा तरंग थोडा बळकट होतो, तो आणखी काहींना ओढतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत मेळ जुळत असतो. तो पुरेसा जुळला, की उद्रेक होतो. असा मेळ बाहेरून न लादता आतूनच आपोआप निर्माण झाला, तर त्या उत्सर्जनाला ‘सुपरफ्लुओरेसन्स’ म्हणतात. ही संज्ञा १९७५ मध्ये बोनिफाचियो आणि लुजियातो या इटालियन शास्त्रज्ञांनी दिली. सहभागी होणाऱ्यांची संख्या जितकी अधिक, तितका शांततेचा हा काळ कमी आणि उद्रेक तितकाच तीव्र.

लेसर आणि सुपरफ्लुओरेसन्स यांतील भेदही येथे स्पष्ट व्हावा. लेसरमध्ये सामान्यतः दोन आरशांच्या मध्ये प्रकाश पुनःपुन्हा फिरविला जातो आणि त्या प्रकाशाच्या धाकाने अणू त्याच सुरात नवा प्रकाश सोडतात. सुपरफ्लुओरेसन्सला आरसे लागत नाहीत. तेथे कणांमध्येच परस्पर नाते निर्माण होते.

याच काळात या विषयाच्या गणिती पायाभरणीत भारतीय भौतिकशास्त्रज्ञ गिरीश सरन अगरवाल यांनी मोलाची भर घातली. उत्स्फूर्त उत्सर्जनाच्या पुंजसांख्यिकीय सिद्धांतांवरचा त्यांचा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या क्षेत्रातील अभ्यासक तो आजही संदर्भासाठी उघडतात. पुढे हैदराबाद विद्यापीठात अध्यापन आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालकपद अशी त्यांची वाटचाल झाली. सामूहिक उत्सर्जनाची ही कथा केवळ पश्चिमेची नाही, एवढे यावरून लक्षात यावे.

पुंजबिंदू म्हणजे काय

वायूतील अणू निसर्गतःच एकसारखे असतात. एका हायड्रोजन अणूत आणि दुसऱ्या हायड्रोजन अणूत काहीच फरक नसतो. परंतु वायूवर उपकरणे उभारता येत नाहीत. व्यवहारात उपयोगी पडायचे तर घन पदार्थ हवा, शक्यतो अर्धवाहक हवा. येथे पुंजबिंदूंचा, म्हणजेच क्वांटम डॉट्सचा प्रवेश होतो.

पुंजबिंदू म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचा अर्धवाहक स्फटिक. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. एवढ्या इवल्या स्फटिकात इलेक्ट्रॉन कोंडला गेला, की त्याला मोजक्याच ऊर्जापातळ्या उपलब्ध राहतात आणि तो स्फटिक एखाद्या कृत्रिम अणूसारखा वागू लागतो. गंमत अशी, की त्याचा रंग त्याच्या आकाराने ठरतो. पदार्थ तोच असला तरी लहान कण निळसर प्रकाश देतो आणि मोठा कण तांबडा. १९८१ मध्ये सोव्हिएत रशियातील अलेक्सी एकिमोव्ह यांनी रंगीत काचेत हे पाहिले. पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लुई ब्रुस यांनी द्रवात तरंगणाऱ्या कणांमध्ये तेच दाखविले, आणि १९९३ मध्ये माँगी बावेंडी यांनी असे कण जवळजवळ एकाच मापाचे बनविण्याची रीत शोधली. २०२३ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार या तिघांना मिळाला. आज पुष्कळ दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यावर अधिक खुलून दिसणारे रंग या कणांचीच देणगी आहे.

निसर्गाने घडविलेले अणू तंतोतंत सारखे असतात, मानवाने घडविलेले पुंजबिंदू तसे नसतात. एखादा कण थोडा मोठा, एखादा थोडा लहान. मापात किंचित फरक पडला तरी प्रकाशाचा रंग सरकतो आणि रंग सरकला की लय जुळत नाही. दुसरा शत्रू उष्णता. घन पदार्थातील अणू उष्णतेमुळे सतत थरथरत असतात आणि जुळत आलेली कला ही थरथर विस्कटून टाकते. पुंजबिंदूंचा जन्म होऊन अनेक वर्षे लोटली तरी सामूहिक तेज दिसेना, याची मुख्य कारणे ही होती. २००७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी कॅडमियम सेलेनाइडच्या पुंजबिंदूंमध्ये अशा परस्परसंबंधाच्या खुणा पाहिल्या. मात्र ते बिंदू पृष्ठभागावर यदृच्छया विखुरलेले होते. शिस्तबद्ध रचना अजून साधायची होती.

झुरिकचा प्रयोग

रशियाच्या उरल पर्वतात १८३९ मध्ये एक खनिज सापडले. लेव्ह पेरोव्हस्की या रशियन अधिकाऱ्याच्या नावावरून त्याला पेरोव्हस्काइट असे नाव पडले. त्याच्या अणूंची जी मांडणी आहे, तशीच मांडणी असलेल्या पदार्थांच्या मोठ्या कुळाला आज तेच नाव आहे. त्यांपैकी सिझियम, शिसे आणि ब्रोमीन यांपासून बनलेला पदार्थ अत्यंत तेजस्वी हिरवा प्रकाश देतो. २०१५ मध्ये झुरिक येथील माक्सिम कोव्हालेन्को यांच्या गटाने त्याचे घनाकृती नॅनोस्फटिक बनवून दाखविले.

त्यानंतर त्याच शहराच्या परिसरातील तीन संस्था एकत्र आल्या. एक ईटीएच हे विद्यापीठ, दुसरी एम्पा ही पदार्थविज्ञानाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि तिसरी आयबीएम कंपनीची संशोधन प्रयोगशाळा. रसायनशास्त्रज्ञांनी सुमारे साडेनऊ नॅनोमीटर बाजू असलेले, मापाने अत्यंत सारखे घन तयार केले. असे एकापुढे एक पन्नासेक घन ठेवले तर हिरव्या प्रकाशाची एक तरंगलांबी भरते, इतके ते लहान आहेत. हे घन ज्या द्रवात तरंगत होते तो द्रव सावकाश उडून जाऊ दिला. घाई केली असती तर कणांचा नुसता ढीग झाला असता. सावकाश जाऊ दिल्याने घन आपोआप एकमेकांशेजारी ओळीत बसले, ओळींचे थर झाले आणि थरांचा ठोकळा झाला. अशा रचनेला सुपरलॅटिस म्हणतात. हा लहान स्फटिकांपासून बनलेला मोठा स्फटिकच होय.

मग भौतिकशास्त्रज्ञांनी हे ठोकळे सहा केल्व्हिनपर्यंत, म्हणजे शून्याखाली सुमारे २६७ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले. त्यांवर लेसरचे क्षणिक झोत टाकले आणि बाहेर येणारा प्रकाश तपासला. वर्णपटात दोन भाग दिसले. एका भागात एकटेच चमकणाऱ्या, मेळात न आलेल्या बिंदूंचा प्रकाश होता. दुसऱ्या, किंचित तांबड्याकडे सरकलेल्या भागात एकलय झालेल्या बिंदूंचा प्रकाश होता. या दुसऱ्या प्रकाशाचे उत्सर्जन वीसपटीहून अधिक वेगाने होत होते. तरंगांची सुसंगती चारपटीहून अधिक काळ टिकत होती. फोटॉन सुटे सुटे न येता घोळक्याने येत होते. अधिक तीव्र झोत टाकल्यावर तर उद्रेकानंतर घंटेच्या निनादासारखी, क्षीण होत जाणारी आंदोलनेही दिसली. ही आंदोलने बर्नहॅम आणि चियाओ यांनी १९६९ मध्ये गणिताने वर्तविली होती. इतक्या खुणा एकत्र मिळाल्यावर संशयाला जागा राहिली नाही. हे संशोधन २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

स्वतः न चमकणारे कण

खरा विचार करावयास लावणारा भाग पुढे आहे. याच शास्त्रज्ञांच्या गटाने २०२१ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. केवळ एकसारखे घन रचण्याऐवजी त्यांनी प्रकाश देणाऱ्या घनांच्या जोडीला दुसऱ्याच पदार्थाचे गोल कण मिसळले. आकार भिन्न, पदार्थ भिन्न, गुणधर्मही भिन्न. तरीही द्रव सावकाश उडून गेल्यावर प्रत्येकाने आपापली जागा घेतली आणि एक सुबक संमिश्र रचना सिद्ध झाली. या गोल कणांपैकी काही लोहाच्या ऑक्साइडचे होते. घनांच्या हिरव्या तेजात त्यांचा स्वतःचा वाटा काहीच नव्हता. ते केवळ रचना धरून उभे होते. अशा रचनांमधील घनांनीही सामूहिक उद्रेक दाखविला आणि तो अवघ्या २२ पिकोसेकंदांत ओसरत होता. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग.

सामाजिक कार्यात आयुष्य वेचणाऱ्यांना या गोल कणांचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्यांचे नाव कोठे छापून येत नाही, ज्यांचे छायाचित्र व्यासपीठावर लागत नाही, पण ज्यांच्या असण्यामुळे इतर आपापल्या जागी उभे राहतात, अशी माणसे प्रत्येक गावात आहेत. आणि दुसरी गोष्ट अशी, की एकलय होण्यासाठी सर्वांनी एका साच्यातून निघालेच पाहिजे, असे ही रचना सांगत नाही. घन घनच राहिला, गोल गोलच राहिला. प्रत्येकाला आपली जागा मिळाली आणि रचना सर्वांची झाली. एकरूपता आणि एकसूत्रता यांतला हा भेद संघटनशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासकाने मनाशी ठेवावा असा आहे.

अर्थात उपमेला मर्यादा असते. पुंजबिंदूला मन नसते, विवेक नसतो. तो चुकीच्या लयीत सापडला तर ‘हे योग्य नाही’ असे म्हणू शकत नाही. माणूस म्हणू शकतो, आणि त्याने तसे म्हटलेही पाहिजे. निसर्गाकडून प्रेरणा घ्यावी, परंतु माणसाचे माणूसपण त्यासाठी गहाण टाकू नये.

उपयोग आणि अडचणी

या तेजाचा उपयोग काय, असा प्रश्न सामान्य माणूस विचारील आणि तो रास्तच आहे. अत्यल्प काळात, मेळाने येणारे फोटॉन पुंजसंदेशवहनाला, म्हणजे चोरून ऐकणे अशक्यप्राय असलेल्या संदेश-व्यवस्थेला उपयोगी पडू शकतात. क्ष-किरण किंवा गॅमा किरण पडताच चमकणारे पदार्थ रुग्णालयातील प्रतिमा-तपासणीत वापरले जातात. ती चमक जितकी शीघ्र, तितकी प्रतिमा रेखीव, म्हणून याही दिशेने शोध चालू आहे.

अडचणीही आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सहा केल्व्हिनचे तापमान राखणे ही खर्चिक गोष्ट आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये पेरोव्हस्काइटच्या पातळ थरांमध्ये सामान्य तापमानालाही सुपरफ्लुओरेसन्स दिसल्याचे प्रसिद्ध केले. त्यामुळे आशा बळावली आहे. परंतु ते थर होते, पुंजबिंदूंची शिस्तबद्ध रचना नव्हती. शिवाय या पदार्थांत शिसे आहे आणि शिसे विषारी आहे. ओलाव्याने आणि उष्णतेने हे स्फटिक बिघडतात. प्रयोगशाळेतून बाजारपेठेपर्यंतची वाट अजून बरीच चालावयाची आहे.

भारताने काय करावे

आता प्रश्न भारताचा. ज्या २०१५ साली झुरिकला हे नॅनोस्फटिक बनले, त्याच साली पुण्याच्या आयसर संस्थेतील अंशुमन नाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या आयआयटीतील शास्त्रज्ञांसमवेत याच पदार्थाच्या घनाकृती नॅनोस्फटिकांवरील संशोधन प्रसिद्ध केले. त्यांच्या स्फटिकांची प्रकाश देण्याची कार्यक्षमता सुमारे ९० टक्के होती. म्हणजे पाषाणच्या टेकडीखाली बसलेले तरुण संशोधक जगाच्या मागे नव्हते, बरोबरीने चालत होते. ही गोष्ट महाराष्ट्रातील किती घरांत ठाऊक आहे?

तीन वर्षांनंतरचा सामूहिक तेजाचा शोध मात्र झुरिकला लागला. तेथील माणसे भारतीयांहून अधिक बुद्धिमान होती, असे म्हणण्याला काही आधार नाही. स्फटिक घडविणारे हात, अतिशीत उपकरणे चालविणारे हात आणि पिकोसेकंद मोजणारे हात एकाच परिसरात होते आणि ते एका सुरात आले, हे मात्र उघड दिसते. पुणे आणि मुंबई यांनी २०१५ मध्ये जो हात मिळविला, त्याची अशीच साखळी देशभर व्हावयास हवी. केंद्र शासनाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला संमती दिली. २०३०-३१ पर्यंतच्या या उपक्रमासाठी ६००३ कोटी ६५ लाख रुपयांची तरतूद ठरली आणि चार विषयकेंद्रे उभी करण्याचा निर्णय झाला. त्यांपैकी सूक्ष्म मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आणि पदार्थ व उपकरणांचे केंद्र दिल्लीच्या आयआयटीत आहे. धन आले, संस्था आल्या. आता लय जुळविण्याचे काम आहे आणि ते कोणत्याही शासननिर्णयाने होत नसते.

समाजाचे कर्तव्यही येथेच सुरू होते. एखाद्या नव्या शोधाची वार्ता आली, की हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते, असे संदेश लगेच फिरू लागतात. ऋग्वेदाच्या अखेरच्या सूक्तात ऐक्याची उदात्त प्रार्थना आहे आणि तिचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण ती पुंजबिंदूंची कृती नव्हे. प्रार्थनेला भौतिकशास्त्र ठरविण्याने प्रार्थनेची थोरवी वाढत नाही आणि भौतिकशास्त्रही पुढे जात नाही. ज्या बोसांनी आणि रामन यांनी जगाला मान तुकविण्यास लावली, त्यांनी पूर्वजांच्या नावावर उधार घेतले नाही. त्यांनी नवे काम करून पूर्वजांच्या नावात भर घातली. अभिमानाचा खरा मार्ग तो आहे.

आणि शेवटी प्रत्येक घरातला प्रश्न. मुलगी बारावीला उत्तम गुण मिळवते आणि म्हणते, ‘बाबा, मला रसायनशास्त्रात संशोधन करायचे आहे.’ घरात शांतता पसरते. काका विचारतात, यात नोकरी कुठे मिळणार? आजी विचारते, लग्न कधी करणार? शेजारच्या मुलाच्या पगाराचा आकडा कोणी तरी हळूच सांगते. त्या मुलीचा उत्साह मग कोणाला न दिसता विझतो. देशभर अशा किती ठिणग्या विझत असतील, याची गणती कोणी ठेवीत नाही. डिकी यांच्या सिद्धांताची काळी बाजू ती हीच. सारे जवळ असतात, सारे प्रेमाचे असतात, परंतु लय विरुद्ध असते आणि तेज आत कोंडून राहते.

तेच घर, तीच माणसे एका सुरात आली तर? वडिलांनी म्हणावे, ‘जा, चार वर्षे अधिक लागली तरी चालतील.’ आजीने म्हणावे, ‘शिकून ये, मग पुढचे पाहू.’ शाखेतील किंवा मंडळातील कार्यकर्त्याने तिला जवळची प्रयोगशाळा दाखवावी, तेथील संशोधकाशी गाठ घालून द्यावी. यासाठी कोणाची शक्ती वाढण्याची गरज नाही, नवा पैसा लागत नाही. असलेली शक्तीच एका क्षणी, एका दिशेने लागली पाहिजे. उद्रेकापूर्वी शांततेचा काळ जावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. त्या काळात बाहेरून काही दिसत नाही म्हणून निराश होऊ नये, कारण आत मेळ जुळत असतो. सहभागी होणारे वाढत गेले, की तो काळ कमी होतो, असे हे विज्ञानच सांगते.

पावसाळ्याच्या तोंडावर मुलांना घेऊन काजवे पाहण्यास अवश्य जावे. मात्र झाडाखाली उभे राहून नुसते छायाचित्र काढू नये. एका काजव्याची लय दुसऱ्याशी कशी जुळते, हे मुलांना निरखू द्यावे, प्रश्न विचारू द्यावेत. त्या प्रश्नांचे उत्तर घरात कोणाला आले नाही, तरी ते हसण्यावारी न नेता कोणा जाणत्याकडे घेऊन जावेत. उद्याचा एखादा शोध तेथूनच निघेल.